स्टेशनात शिरलं की इंजिन अडकतं: पॉइंटवरची नेहमीची कटकट आणि ती शोधायचा क्रम

विषय घरातल्या मॉडेल रेल्वेचा. लक्षणं आधी लिहितो, ती नीट बघितली नाहीत तर पुढचं वाचून काही उपयोग नाही.

गाडी मेन लाइनवर झकास पळतेय, वळण, बोगदा, पूल, कुठे नखरे नाहीत. होम सिग्नल ओलांडून यार्डात शिरली, तुम्ही कौतुकाने स्पीड कमी केलात आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या पॉइंटवर (एका रुळाचे दोन रस्ते फुटतात ती जागा) इंजिन ठप्प. बोटाने एवढंसं ढकललं की चालू. पुढच्या फेरीला परत तिथेच. जोरात नेलं तर निघून जातं, हळू आणलं की थांबतं, आणि स्टेशनात तर हळूच आणायचं असतं ना.

वरवर सगळं सारखंच दिसतं पण आत चार वेगळे आजार असतात, म्हणून इंजिन थांबल्या क्षणी हात लावू नका, आधी बघा.

इंजिनाचा दिवा विझलाय का? दिवा गेला (डीसीसी, म्हणजे रुळातूनच इंजिनाला डिजिटल आज्ञा देणारी पद्धत, त्यातलं साउंडवालं इंजिन असेल तर आवाज तुटून परत स्टार्टअपपासून सुरू झाला) म्हणजे करंट पोचत नाहीये.

कंट्रोलरवरचा लाल दिवा लागला, किंवा दुसऱ्या टोकाला उभी असलेली गाडीसुद्धा त्याच वेळी मेली, चाकाखाली बारीक ठिणगी दिसली? मग शॉर्ट आहे. हा वरच्यापेक्षा अगदी उलटा आजार, पहिल्यात करंट मिळत नाही, यात नको तिथून मिळतोय.

दिवा चालू, मोटर गुणगुणतेय पण इंजिन हलत नाही, किंवा "टक" आवाज करून डबा मान डोलावतो नाहीतर रुळावरून उतरतो? काहीतरी घासतंय किंवा चाकांचं माप चुकलंय.

आणि कंट्रोलरपासून जितकं लांब जाल तितकं इंजिन मरगळत जातंय, एका जागी असं थांबत नाहीये? तो वायरिंगचा विषय, तो शेवटी.

आता माझी ओळख एवढीच की डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये एचओ स्केलचा, म्हणजे १:८७ चा, चार बाय दोन फुटांच्या दोन बोर्डांवर कर्जतसारखा दिसणारा लेआउट आहे. कर्जत का, तर तिथे घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, भोर घाटाचा चढ १:३७ चा आहे, त्यामुळे बँकर उभे करायला सायडिंग (बाजूचा जादा रूळ), ती मेनला जोडायला पॉइंट, सगळी मजा शंटिंगची. पण मजा तेवढेच पॉइंट आणि पॉइंट तेवढ्या कटकटी. त्यात दरवर्षी गणपतीत मखराला जागा हवी म्हणून दोन्ही बोर्ड सुटे करून बेडरूममध्ये उभे ठेवतो, परत मांडले की हमखास हा त्रास. माझ्याकडे दरवर्षी, शिवाय मित्रांच्या लेआउटवर मिळून किती वेळा हे केलंय मोजलेलं नाही. पहिल्या वर्षी मी सरळ पॉइंटच उपटून नवीन बसवला, अर्धं प्लॅटफॉर्म उखडलं त्यात, आणि नव्या पॉइंटवरही इंजिन तिथेच थांबलं. दोष दीड फुटावरच्या एका सैल फिशप्लेटमध्ये (दोन रूळ जोडणारी छोटी पट्टी) होता. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तेव्हापासून खालचा क्रम मोडत नाही.

फुकटातली तपासणी: दोष गाडीत की जागेत?

दोन वेगळी इंजिनं घ्या, एकेक करून त्याच रस्त्यावरून दोन्ही दिशांनी अगदी हळू चालवा. जिथे थांबेल तिथे रुळाशेजारी कागदाचा कपटा ठेवा. पाच-सहा फेऱ्या.

सगळी इंजिनं एकाच कपट्यापाशी थांबली तर दोष रुळात. एकच इंजिन जागोजागी थांबतंय तर दोष इंजिनात, बहुतेक वेळा नुसती चाकं मळलेली असतात. आणि एकच इंजिन एकाच जागी थांबतंय हा सगळ्यात वैताग देणारा प्रकार, त्यात बहुतेक छोटं शंटिंग इंजिन असतं, त्याबद्दल पुढे फ्रॉगच्या (पॉइंटमध्ये दोन रूळ छेदतात त्या टोकाच्या) भागात. हे दहा मिनिटांचं काम लोक टाळतात आणि डायरेक्ट स्क्रूड्रायव्हर काढतात. कपटे ठेवा. मी रद्दी पेपरचे ठेवतो, एकदा तीन कपटे अगदी बोर्डांच्या सांध्याभोवती जमले होते, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

पुसापुशी

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाइल रिपेअरचं सामान मिळतं तिथे ९९ टक्क्यांचं मिळतं. जुन्या बनियनच्या तुकड्याला लावून रुळाचा वरचा भाग आणि आतली कड पुसा. तुकडा काळा होईल. दुसरा घ्या. काळा होणं थांबेपर्यंत.

हे का महत्त्वाचं? गाडीला करंट मिळतो तो चाक आणि रूळ जिथे टेकतात त्या टाचणीएवढ्या जागेतून. साध्या रुळावर आठ चाकं टेकलेली असतात, दोन मळकी असली तरी बाकीची निभावून नेतात. पॉइंटवर मात्र काही चाकं फ्रॉगवर, काही पात्यांवर (पॉइंटचे इकडून तिकडे सरकणारे रूळ), त्यामुळे तिथे सगळा भार दोन-तीन चाकांवर येतो आणि त्यातलंच एखादं मळकं असलं की संपलं. म्हणून मळ सगळीकडे सारखा असला तरी गाडी अडते पॉइंटवर, आणि आपण शिव्या देतो पॉइंटला.

मळ येतो कुठून, तर धूळ, गिअरचं जास्तीचं तेल, प्लॅस्टिकची चाकं, आणि आपल्या घरात फोडणी. हॉलला लागून ओपन किचन असेल तर तेलाची वाफ रुळावर बसते, उदबत्तीचा धूर बसतो, गणपतीच्या दहा दिवसांत तर दोन्ही भरपूर. बोर्ड झाकून ठेवा, जुनी चादर पुरते.

इंजिनाची चाकं पुसायची युक्ती: टिश्यू पेपर अल्कोहोलमध्ये भिजवून रुळावर आडवा टाका, इंजिनाची एक बोगी (खालचा चाकांचा संच) टिश्यूवर, दुसरी कोरड्या रुळावर, हाताने इंजिन धरा आणि थोडा करंट द्या. चाकं टिश्यूवर फिरून स्वतःच पुसली जातात. मग उलटं करून दुसरी बोगी. (काही इंजिनांत एकाच बोगीतून पिकअप असतो, म्हणजे तिचीच चाकं रुळातून करंट घेतात, तिथे चाकं हातानेच पुसावी लागतात.) रबर टायर लावलेली चाकं करंट घेतच नाहीत, त्यांच्याकडून अपेक्षा नको. आणि हो, हे अल्कोहोल चटकन पेट घेतं, टिश्यू नुसता ओलसर असू दे, बाटली बंद करून लांब, खिडकी उघडी, आणि पूर्ण रूळ ओला असताना गाडी चालवू नका.

सँडपेपर नको, एमरी नको. त्या वेळी लख्ख दिसतं पण ओरखड्यात मळ दुप्पट वेगाने बसतो. थिनरपण नको, प्लॅस्टिकचे स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) विरघळतात. रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, त्यात नावापुरतीसुद्धा चांदी नाही, तांबं-निकेल-जस्त, पण त्याचा गंज थोडाफार तरी करंट जाऊ देतो, जुन्या पितळी रुळांवरचा गंज मात्र करंट अडवतो. कुणाकडे काकांच्या काळातला पितळी रूळ असेल तर पुसण्यात आयुष्य जाईल, प्रेमाने शोकेसमध्ये ठेवा.

निम्म्याहून जास्त केसेस इथेच मिटतात.

तुम्हीच जे सजवलंत ते

आता हे जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते स्टेशन लेआउटचे बरेच दोष आपण डिटेलिंग करताना स्वतःच्या हाताने घालतो. नुसते रूळ प्लायवर ठोकलेले असताना सगळं चालत असतं, मग बॅलास्ट (रुळाखालची खडी), गवत, गंजाचा रंग, प्लॅटफॉर्म, वडेवाला, बाकडी, पिवळा बोर्ड, आणि ज्या दिवशी स्टेशन फोटो काढण्यासारखं दिसायला लागतं त्याच दिवशी गाडी अडते.

टॉर्च, भिंग आणि टूथपिक घ्या. पॉइंटची पाती एका बाजूला लावा आणि पातं बाजूच्या रुळाला पूर्ण चिकटतंय का ते बघा. नखाच्या टोकाएवढी जरी फट दिसली तरी तिथे खडा अडकलाय. बऱ्याच पॉइंटमध्ये करंट पात्याकडे जातो तो फक्त या चिकटण्यातून, म्हणजे एक बॅलास्टचा कण दोन कामं करतो: चाकाला चुकीच्या रस्त्याला घालतो आणि पुढचा सगळा मार्ग मेलेला ठेवतो. टूथपिकने काढा, ब्लोअर असेल तर फुंका, तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते.

मग रंग. रुळाच्या बाजूला गंजाचा तपकिरी रंग फार छान दिसतो, मीसुद्धा देतो, पण पातं जिथे टेकतं तिथे आतल्या कडेला रंग गेला असेल तर तो इन्सुलेशन झाला. तेवढ्याच जागेवर टूथपिकला अल्कोहोल लावून घासा. पुढच्या वेळी रंग देण्याआधी तिथे मास्किंग टेपचा चिमूटभर तुकडा.

तिसरा गुन्हेगार फेव्हिकॉल. आपण बॅलास्ट पसरून त्यावर निम्मं पाणी-निम्मं फेव्हिकॉल आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडतो. लिक्विडमुळे पाणी पटकन पसरतं, चांगलंच आहे, पण ते पसरताना पात्यांच्या खाली आणि टायबारच्या (दोन्ही पाती जोडणाऱ्या पट्टीच्या) खाचेतही जातं आणि वाळलं की पातं जाम. जबरदस्ती करून पातं ढकललं तर टायबारची खुंटी तुटते, मग खरंच पॉइंट बदलावा लागतो. पांढरा फेव्हिकॉल असेल तर कोमट पाण्याचे चार थेंब टाकून वीस मिनिटं थांबा, मऊ पडतो, मग हळूहळू पातं इकडून तिकडे. पात्यांच्या आसपासच्या चार-पाच स्लीपरमध्ये बॅलास्ट मी आता खालच्या बोर्डला ब्रशने फेव्हिकॉल लावून वरून शिंपडतो, तिथे ड्रॉपर वापरतच नाही. खडीची पातळी स्लीपरच्या वरच्या पृष्ठाच्या थोडी खालीच ठेवायची.

आणि खडी कुठली? बऱ्याच जणांना (मलाही) खऱ्या दगडाची खडी आवडते, क्रशरची बारीक कच आणायची आणि चाळायची. खऱ्या रुळाखालची खडी साधारण २० ते ६५ मिमीची, ८७ ने भागलं की पाव ते पाऊण मिलिमीटर, म्हणजे रव्याएवढी. रव्याची चाळणी आणि चहाचं बारीक गाळणं यांच्या मधलं जे राहील ते घ्या (गाळणं परत स्वयंपाकघरात नेऊ नका, अनुभव आहे). पण आपला सह्याद्रीचा काळा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं. पेपरवर कच पसरून खालून चांगला लोहचुंबक फिरवा, कण उभे राहतात बघा. इंजिनाच्या मोटरमध्येही चुंबकच आहे, सुटे कण ते खेचून घेतं, गिअरमध्ये जातात आणि मग इंजिन करकरायला लागतं. म्हणून वापरायच्या आधी खडी चुंबकावरून दोन-तीन वेळा काढा, धुवा, वाळवा, आणि चिकटवून झाल्यावर सुटं राहिलेलं सगळं व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना पायमोजा लावून ओढून घ्या. पायमोज्यामुळे सांडलेले हमाल, कुत्री, बॅगाही परत मिळतात.

प्लॅटफॉर्म घासतोय का

दिवा चालू, मोटर चालू, पण गाडी प्लॅटफॉर्मला अडली तर एक पोस्टकार्ड घ्या आणि डबा आणि कड यांच्या मधून सरकवत न्या. जिथे अडेल तिथे घासतंय.

ब्रॉडगेजला हाय लेव्हल प्लॅटफॉर्मची कड रुळाच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिमीवर असते, म्हणजे एचओमध्ये १९ मिमी आणि वर थोडं. सरळ रुळावर हे चालतं. पण जागा वाचवायला आपण प्लॅटफॉर्म वळणावर घेतो आणि तिथे डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला झुकतो. किती? दोन बोग्यांच्या मध्यातलं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा, वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा. आयसीएफ डब्याला (मेल-एक्सप्रेसचा जुन्या पद्धतीचा लांब डबा) ते अंतर एचओमध्ये साधारण १७० मिमी, त्रिज्या ६०० मिमी धरली तर उत्तर ६ मिमी. सहा! मी पहिल्यांदा सुंदर प्लॅटफॉर्म चिकटवून मोकळा झालो होतो आणि डब्यांनी त्याची पिवळी पट्टी सोलून काढली. वळणाच्या बाहेरच्या बाजूला डब्याची टोकं बाहेर येतात, तिथेही मोजा. सगळ्यात लांब डबा घेऊन मोजायचं, लोकलच्या छोट्या डब्यावर नाही.

नाणं, बल्ब आणि फिशप्लेट

आता मल्टिमीटर, साधा तीन-चारशेचा पुरतो. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या: नुसत्या मल्टिमीटरने खराब जोड सापडत नाही. सैल फिशप्लेटपलीकडेही मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतं कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. इंजिन आलं, करंट ओढला, की व्होल्टेज कोसळतं. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय, मीटर म्हणतंय सगळं ठीक आणि इंजिन म्हणतंय नाही.

उपाय म्हणजे बाइकचा १२ व्होल्ट ५ वॉटचा पायलट बल्ब, दोन वायरी लावलेला. डीसी कंट्रोलर पूर्ण उघडा, बल्ब रुळांवर टेकवा आणि फिशप्लेटच्या अलीकडे-पलीकडे सरकवत जा. जिथे बल्ब मंद होतो तो जोड दोषी. डीसीसीवरही हीच युक्ती चालते.

फिशप्लेट बऱ्याचदा सैल होतात त्या बोर्डांच्या सांध्यावर आणि पॉइंटच्या तिन्ही टोकांना, कारण तिथे आपण रूळ काढतो-घालतो. पक्कडीने किंचित दाबून तात्पुरतं काम होतं पण नवीन घालणं बरं, काही रुपयांची वस्तू. आणि मान्सूनमध्ये प्लाय फुगतो, बोर्डांचा सांधा अर्धा मिलिमीटर वर-खाली होतो, तो बोट फिरवून कळतो, डोळ्याला दिसत नाही.

फिशप्लेट सोल्डर करून टाकू का, असं विचारतात. काही ठिकाणी करा, सगळीकडे नको. रूळ तापमानाने वाढतो: ३ मीटर रूळ, २० अंशांचा फरक, जवळपास १ मिमी. डोंबिवलीत खोलीत एवढा फरक होतो का, तर डिसेंबरची पहाट आणि मेमधली बंद खिडकीची दुपार बघा. सगळं सोल्डर केलं तर तो मिलिमीटर कुठेतरी बाहेर येणारच, माझ्याकडे सायडिंगजवळ रूळ कमानीसारखा उचलला होता. दर मीटर-दीड मीटरला एक सोल्डर न केलेला जोड, त्यात कार्डपेपरएवढी फट.

डीसीसीवाल्यांनी अजून एक करा: पाच रुपयांचं पिवळं नाणं कपट्यापाशी दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. बूस्टरने (रुळांना करंट पुरवणारा डबा) ताबडतोब ट्रिप व्हायला हवं, म्हणजे करंट तोडायला हवा. नाही झालं तर नाणं लगेच उचला, हात भाजेल, आणि ट्रिप न होणाऱ्या भागात गाडी चालवू नका, खरा शॉर्ट झाला की तीन-चार अँपिअर तिथे मुरत राहतील आणि बोगी वितळेल. वायरिंग सुधारूनही ट्रिप होत नसेल तर तो बूस्टर स्वतः उघडू नका.

चाकांचं माप

डबा नाचत असेल तर एक व्हर्निअर कॅलिपर, प्लॅस्टिकचा चालेल. एकाच अॅक्सलच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ ते १४.५ मिमी हवं. कमी असेल तर चाक फ्रॉगच्या नाकाला नाही, समोरच्या चेकरेलला (चाक वाटेवर ठेवणारा जादा छोटा रूळ) धडकतं, जास्त असेल तर नाकावर चढतं. डब्याची चाकं हलकेच पिळत ओढून सरकतात. इंजिनाची मात्र ओढू नका, तिथे गिअर आणि इन्सुलेशनची बुशिंग असते, ते काम जाणकाराचं.

फ्रॉग

इथवर येऊनही गाडी अडतेय तर पॉइंट कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. फ्रॉग म्हणजे दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात ते टोक, रेल्वेवाले त्याला क्रॉसिंग म्हणतात.

इन्सुलफ्रॉग असेल तर ते टोक प्लॅस्टिकचं, तिथे करंटच नाही. लांब इंजिन ते ओलांडतं, कारण बाकीची चाकं चालू रुळावर असतात. चार चाकांचं छोटं शंटर असेल आणि त्याचं एक चाक किंचित मळकं असेल तर थांबणारच. "एकच इंजिन एकाच जागी" ते हेच. उपाय त्या इंजिनाला जास्त चाकांवर पिकअप लावणं किंवा डीसीसी असेल तर कीप-अलाइव्ह कपॅसिटर (करंट तुटला तरी क्षणभर इंजिन चालू ठेवणारा), पॉइंटशी खेळून काही होत नाही.

याच प्रकारात शॉर्टपण होतो. प्लॅस्टिकच्या नाकापलीकडे दोन उलट्या पोलॅरिटीचे रूळ इतके जवळ असतात की रुंद चाक एकाच वेळी दोघांना टेकतं. क्षणभरच, पण डीसीसीला तेवढा पुरतो. घरातलं पारदर्शक नेलपॉलिश, नाकाच्या लगेच पुढे दोन्ही रुळांच्या डोक्यावर एकेक सेंटिमीटरभर पातळ थर, रात्रभर वाळू द्या. हसू नका, चालतं. काही महिन्यांत झिजतं, परत लावायचं. (बायकोची बाटली घेतलीत तर सांगून घ्या.)

इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये टोक धातूचं, म्हणून छोटी इंजिनंही लोण्यासारखी जातात, पण पातं ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे फ्रॉगची पोलॅरिटी बदलावी लागते. नुसत्या पात्याच्या टेकण्यावर सोडलं तर काही महिन्यांत मळ बसून बंद पडतं. पाती हलवणाऱ्या पॉइंट मोटरबरोबर हलणारा मायक्रोस्विच लावा, मधली वायर फ्रॉगला, दोन बाजूच्या दोन रुळांना. स्विच उलटा लागला तर दर वेळी गाडी फ्रॉगवर आली की शॉर्ट, मग दोन बाहेरच्या वायरींची अदलाबदल, बास. आणि फ्रॉगनंतरच्या दोन्ही आतल्या रुळांवर प्लॅस्टिकच्या फिशप्लेट आहेत ना ते बघा, त्या विसरल्या की मागच्या बाजूने शॉर्ट येतो आणि माणूस पॉइंटमध्ये शोधत बसतो.

मी पॉइंटना पाती हलवायला छोटे एसजी ९० सर्वो (छोट्या मोटरी) लावलेत, स्वस्त आहेत, पण अॅडजस्टमेंट सरकली की पातं पूर्ण टेकत नाही, त्यामुळे टॉर्च घेऊन तेही तपासा.

फीडर वायर

गाडी लांब गेल्यावर मरगळत असेल तर बोर्डाखाली झोपायची वेळ आली. रूळ हा वायरच्या मानाने फार खराब वाहक आहे, त्यात फिशप्लेटची भर. बोर्डाखालून १.५ चौ. मिमीची दोन रंगांची मेन वायर न्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ ची छोटी वायर सोल्डर करून तिला जोडा. मोबाइल चार्जरच्या जुन्या केबलमधली केसासारखी वायर वापरू नका, तिचा दहा मीटरचा येण्या-जाण्याचा रस्ता एक अँपिअरला दीड-दोन व्होल्ट आरामात खातो, १.५ ची वायर तेवढ्यात पाव व्होल्टही खात नाही. बोर्डांच्या सांध्यावर वायरला मजबूत प्लग लावा, गणपतीत तेच उघडायचं असतं. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापू द्या, दोन-तीन सेकंदांत उरका, जास्त धरलं की स्लीपर वितळून रुळाचं माप बदलतं आणि तुम्ही नवीन आजार तयार करता.

पॉइंट बदलणं

सगळ्यात शेवटी, आणि फक्त टायबार तुटला असेल, पातं वाकलं असेल किंवा फ्रॉग वितळला असेल तरच. बॅलास्टवर कोमट पाणी टाकून अर्धा तास, पातळ पुट्टी नाइफ खालून सरकवायची, फिशप्लेट मागे ओढायच्या, पॉइंट सरळ वर उचलायचा. नवीन बसवला की आधी दोन दिवस तसाच चालवा, मग खडी.

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून आहे, तिथे एकावेळी एवढ्या गाड्या फिरताना बघून घरी आलं की आपलं एक इंजिन तीन पॉइंटवर का अडतं याचा फार राग येतो, आणि रागात माणूस हीच पायरी आधी करतो. बदलण्याआधी वरचं सगळं झालंय का ते स्वतःला परत विचारा.

इथे थांबा

कंट्रोलर किंवा अॅडॉप्टरचं झाकण उघडू नका. रुळावर १२ व्होल्ट असतात पण झाकणात २३० असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. अॅडॉप्टर गरम होतोय, वास येतोय, गुरगुरतोय तर नवीन घ्या. प्लग लावल्यावर घराचा एमसीबी पडतोय तर लायसनवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, तो लेआउटचा दोष नाही.

इंजिन स्वच्छ रुळावर, एकटं, डब्यांशिवाय, दोन मिनिटांत हाताला चटका बसेल इतकं तापतंय, जळका वास येतोय किंवा डीसीसी डिकोडर (आज्ञा ओळखणारं इंजिनातलं सर्किट) स्वतःच्या पत्त्याला, म्हणजे नंबराला, उत्तर देत नाहीये, तर चालवणं बंद. मोटर अजून वाचलेली असू शकते, तुम्ही अजून एक फेरी मारलीत तर ती जाते. वॉरंटीत असेल तर बॉडी उघडूच नका. नसेल तर मॉडेल रिपेअर करणाऱ्याकडे द्या, कोपऱ्यावरच्या टीव्ही मेकॅनिककडे नाही, बिचारा प्रामाणिकपणे मोटर थेट जोडून देतो आणि डिकोडर जातो.

इंजिन देताना डबीत एक चिठ्ठी टाका: कुठल्या पॉइंटवर, कुठल्या दिशेने, दिवा विझतो की नाही, लाल दिवा लागतो की नाही, काय काय पुसून-तपासून झालंय. आणि सोबत तो त्रास देणारा रुळाचा जोड किंवा पॉइंट निघत असेल तर तोही द्या, त्याच्या टेबलावरच्या चकाचक रुळावर तुमचं इंजिन एकदाही थांबणार नाही.